कावळ्यांची रसद

श्रीरामपूर,
९ जानेवारी १९७२

बेलखडी मुक्कामी आमचे व्याही कारभारी दरेकर यांना सहादेव मुठे याचा हात जोडून रामराम.

तार आल्यापासून आमच्याकडे कोणाच्या घशाखाली घास नीट उतरलेला नाही. आमचे जावई कानिफनाथराव छंबच्या लढाईत 'बेपत्ता, बहुधा मृत' झाले असे सरकारचे म्हणणे. सरकार 'बहुधा' हा शब्द उगाच वापरत नाही. मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उभी हयात काढली. आमच्या फळ्यावर 'गाळप बहुधा बंद' असे लिहिले की समजायचे, भट्टी विझली.

लढाई थांबली, त्यांचे कैदी आपल्याकडे आले, पेढे वाटून झाले. आपण अद्याप दहावा घातला नाही असे कानावर आले. व्याही, मी मुलीचा बाप आहे म्हणून लिहितो. मुक्ता बावीस वर्षांची आहे. नवरा आहे म्हणावे तर तो नाही, आणि नाही म्हणावे तर कपाळी कुंकू आहे. असे किती दिवस काढायचे? जो गेला त्याला वाट मोकळी करून द्यावी, आणि जी राहिली तिलाही.

आमच्या कारखान्यात एक मुकादम आहेत. गेल्या साली विधुर झाले. घरचे चांगले, सुपारीचेही व्यसन नाही. एवढ्यात त्यांच्याविषयी बोलणे बरे दिसत नाही म्हणून बोलत नाही.

विहीणबाईंना नमस्कार, मुक्ताला आशीर्वाद. तुमच्याकडे ज्वारी कशी आहे? आमच्याकडे नाही.

आपला,
सहादेव मुठे


बेलखडी, ता. श्रीगोंदा
२१ जानेवारी ७२

व्याही सहादेवराव, कारभाऱ्याचा रामराम घ्या.

कागद पावला. मी लिहाय शिकलो पलटनीत, तवा बोलतो तसंच लिवतो. समजून घ्या.

तुमी 'बहुधा' धरून बसलाय. तारेत त्याच्या आदी 'बेपत्ता' लिवलंय, ते तुमच्या नजरंला पडलं न्हाई. फौजेत मेलेल्याला मेला लिवत्यात. त्यात त्यांना लाज न्हाई, रोजचं काम हाय. ज्याचं काय झालं ते कुनालाच ठावं न्हाई, त्याला बेपत्ता. 'बहुधा' हे क्लार्कानं मागनं चिकटवलेलं असतंय.

छंबाला मधी नदी हाय, मुनव्वर तवी म्हनत्यात तिला. आपली पलटन हुकूम मिळाला तशी अलीकडं आली आन् काही मानसं पलीकडं ऱ्हायली. नदीच्या पलीकडं ऱ्हायलेला मानूस मेला म्हनायचा तर अर्धा श्रीगोंदा तालुका आत्ताच जाळावा लागंल.

दहावा घालनार न्हाई. माझा पोरगा हाय, मला घाई न्हाई. तुमाला का हाय?

मुकादमाबद्दल तुमी बोलला न्हाई ते बरं केलं. मी पन वाचलं न्हाई.

मुक्ता बरी हाय. खडी फोडायच्या कामावर जाती, सरकारनं दुष्काळी काम काढलंय. मी नगं म्हनलो, ती म्हनली घरी बसून डोकं फुटतं, त्यापरीस खडी फुटू द्या. ज्वारी हितंबी न्हाई.

कारभारी दरेकर


श्रीरामपूर,
४ फेब्रुवारी १९७२

व्याही कारभारीरावांना सहादेवचा रामराम.

आपले पत्र पोचले. आपण मला घाई का, असे विचारले. माझी मुलगी दगड फोडते आहे, म्हणून घाई.

आपला शब्द मोडायची माझी इच्छा नाही, परंतु आपल्या भावकीतल्या चार वडीलधाऱ्यांना मी पत्रे टाकली. दहावा व्हावा असे सर्वांचे एकमत झाले. आपल्या भावकीत एकमत होण्याची ही पहिलीच वेळ असावी. एवढ्या दुर्मिळ गोष्टीचा मान राखावा ही विनंती.

देह नसला तर दर्भाचा पुतळा करून दहन करण्याची सोय शास्त्रात आहे. भटजी मी इकडून घेऊन येतो. दहन आधी उरकून रविवारी वीस तारखेला नदीवर दहावा, असे ठरले आहे. आपण बाप आहात. आपण नुसते हजर राहावे, बाकी सगळे आम्ही पाहू.

आपला,
सहादेव


बेलखडी
२४ फेब्रुवारी ७२

व्याही, रामराम.

तुमी सोता हुता तरी लिवून ठिवतो, कारन मागनं मानसं इसरत्यात.

पिंड मांडला. ऊन डोक्यावर आलं. कावळा शिवंना. मग ज्याला त्याला वाटाय लागलं की कानिफची विच्छा ऱ्हायली. आमच्या चुलतभावानं हात जोडून कबूल केलं, की बाबा, तुमचा बांध मी रेटला, तो मागं घेतो. कावळा आला न्हाई. कानिफची आई गोजरबाई म्हनली, लेकरा, तुला आवडत न्हाई तर मी मिसरी सोडते. तरी न्हाई. सरपंच म्हनले, शाळेला तुझं नाव देऊ. तरी न्हाई. तुमी फुडं झाला आन् म्हनला, जावईबापू, मुक्ताची काळजी करू नका, तिचं मी बघतो. त्यावर येक कावळा आला, पिंडाकडं बघितलं आन् तोंड फिरवून निघून गेला. तुमीच बघितला.

मग तुमच्या भटजीनं गवताचा कावळा केला आन् तो पिंडाला टेकवला. गवताचा कावळा टेकवला म्हनून माझा पोरगा मरत न्हाई. असं असतं तर गवताचं शिपाई करून आपन लाहोर घेतलं असतं.

गाव आता माझ्या बाजूनं हाय. समदे म्हनत्यात, कानिफ जिता हाय, म्हनूनच कावळा शिवला न्हाई. तवा मुक्ता हितंच ऱ्हानार.

चुलतभावाला मात्र बांधाची आठवन केलीय. पिंडाम्होरं कबूल केलेलं सुटत न्हाई.

कारभारी


श्रीरामपूर,
६ मार्च १९७२

कारभारीराव, रामराम.

आपला विजय वाचला. एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. यंदा पाऊस नाही, पीक नाही, मळणी नाही. तुमच्या भागात कावळे राहतील कशाला? जिथे माणसे गाव सोडून चालली तिथे पाखरांनी तरी का थांबावे? कावळा शिवला नाही तो तिथे कावळा नव्हता म्हणून, कानिफनाथराव आहेत म्हणून नव्हे. हे लिहिताना मला आनंद होत नाही. तो पोरगा मलाही जीव लावून गेला आहे. पहिल्या दिवाळसणाला आला तेव्हा माझी तुटकी सायकल त्याने सबंध खोलून बसवली आणि मागितले काय, तर पुन्हा एकदा चहा.

एक कावळा आला, तो आला तसा निघून गेला, हे मीही पाहिले. त्याला मी काही करू शकत नाही. भटजींच्या मते दर्भाचा कावळा पूर्ण चालतो.

मी रविवारी १९ तारखेला मुक्ताला न्यायला येत आहे. मुकादम रामनवमीपर्यंत थांबायला तयार आहेत. तिचे कपडे बांधून ठेवावेत.

सहादेव


बेलखडी,
१२ मार्च १९७२

अण्णांना मुक्ताचा शिरसाष्टांग नमस्कार.

मला न्यायला येऊ नका. आलात तर जेवून जा, पण मी येणार नाही.

मामंजींनी तुमची सगळी पत्रं मला दाखवली, मुकादमाचं पण. तुम्ही लिहिलंत, इकडे कावळे उरले नाहीत. अण्णा, चिक्कार आहेत, आणि सगळे जाडजूड झालेत. दहाव्याच्या आधी आठवडाभर मामंजी रोज उजाडायला पाटीभर भाकरी घेऊन नदीच्या वरच्या अंगाला जायचे आणि कावळ्यांना वाटायचे. त्या भाकरी मी थापल्या. ते म्हणाले नाहीत कशाला, मी विचारलं नाही. दहाव्याच्या दिवशी तर मी त्यात गूळ पण कालवला. तुम्ही पाहिलात तो कावळा आमच्याकडूनच जेवून आला होता.

तुम्ही दोघं एवढे भांडताय आणि मला कोणी विचारत नाही. मी काय मुकी आहे का? ते जिवंत आहेत असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. लग्नाला दोन वर्षं झाली, त्यात सगळ्या सुट्ट्या मिळून ते अडीच महिने घरी होते. अण्णा, मला त्यांचा आवाज नीट आठवेनासा झालाय. रात्री आठवायला बसते आणि तुमचाच आवाज येतो. याची मला फार भीती वाटते.

पण त्या एका 'बहुधा'वर मी कुंकू पुसणार नाही. त्यांच्याकडचे आपले कैदी कधीतरी सुटतील. त्या दिवसापर्यंत मी इथं आहे. ते आले तर आले. नाही आले तर रडेन, आणि पुढं काय ते माझं मी सांगेन. तोवर मुकादमाला हो म्हणू नका. माझ्या वतीनं तर मुळीच नको.

आईला सांगा, मी जेवते.

तुमची,
मुक्ता


श्रीरामपूर,
२० मार्च १९७२

श्री. कारभारी दरेकर यांस,

आपण कावळ्यांना लाच दिली.

मला मुलीकडून कळले. माझा विश्वास बसेना, म्हणून रविवारी मी येऊन गेलो. आपण श्रीगोंद्याच्या बाजाराला गेला होता, किंवा तसे मला सांगण्यात आले. मुक्ताने मला वाढले, आणि मी जेवत असताना ओट्यावर आठ-दहा कावळे रांगेत बसून माझ्या ताटाकडे पाहत होते. इतके निर्भय कावळे मी कुठेही पाहिले नाहीत.

गंगेवर, गोदेवर, काशीला, कुठेही असा प्रकार झाल्याचे ऐकिवात नाही. मी माझ्या पदरचा भटजी आणला. चार माणसे कामधंदा सोडून उन्हात उभी राहिली. आपले चुलतभाऊ बांध सोडून बसले. आणि आपण आधीच सगळ्या कावळ्यांचे पोट भरून ठेवले होते! या वयात, पांढऱ्या मिशा घेऊन, माणसाने कावळ्यांवर एवढी श्रद्धा ठेवावी आणि वर त्यांना फसवावे, याला काय म्हणावे ते मला समजत नाही. तुम्हीच सांगा.

मुलगी येत नाही म्हणाली. मी परत आलो. मुकादमांना काय सांगू हेही तुम्हीच कळवा.

स. मुठे


बेलखडी
५ एप्रिल ७२

सहादेवराव, रामराम. तुमी घातला न्हाई तरी मी घालतो.

लाच म्हना. आमी फौजेत त्याला रसद म्हनतो. शत्रूची रसद तोडून त्याला उपाशी मारायचं, ही लढाई समद्यांना ठावी हाय. शत्रूला येवढं खाऊ घालायचं की त्याला हलूच वाटू नये, ही मी घरी काढली.

तुमी म्हनता, कावळ्यावर येवढी श्रद्धा कशी. माझी काडीची न्हाई. गावाची हाय. कावळा शिवला की गाव म्हनतं मेला, आन् गाव म्हनलं की मानूस मेला. हे मला ठावं हाय कारन मी येकदा असा मेलोय.

सन बेचाळीसच्या जूनमधी आमची मराठा पलटन तोब्रुकला हुती. आफ्रिकेत, समिंदराच्या काठाला. सकाळी जर्मनचे रणगाडे आत आले, आन् दुसऱ्या दिवशी आमाला सांगितलं, आता तुमी कैदी. आमच्या सायबांनी पांढरं निशान लावलं हुतं, आमाला कुनी इचारलं न्हाई. मग जहाजात घालून इटलीला नेलं. घरी तार आली, बेपत्ता. वडलांनी काही महिने वाट बघितली आन् दहावा घातला. कावळा लगी शिवला म्हनं. पिंड ठिवून हात मागं घ्यायची फुरसत दिली न्हाई. समदे म्हनले, कारभारी समाधानानं गेला. मी तवा इटलीत बटाटं सोलत हुतो.

पंचेचाळीसला परत आलो. आई रडली, वडील रडले. मी इचारलं, रंगू कुठं? रंगुबाई माझी पहिली बायको. सोयरिकीच्या टायमाला हे तुमाला सांगितलं न्हाई, तुमी इचारलं न्हाई. तिच्या बापानं तिचा पाट लावून दिला हुता, कर्जतकडं. मानूस चांगला बघूनच लावला. तुमच्यावानीच बाप, पोरीची काळजी करनारा.

मी गेलो तिकडं. कशाला गेलो ते अजून कळत न्हाई. अंगावर फौजेची वर्दी. रंगू दारात आली, कडंवर पोर. तिचा रंगच उडाला. सासू वट्यावर बसलेली. रंगूनं पदर फुडं वढला, पान्याचा तांब्या माझ्या म्होरं ठिवला आन् म्हनली, पाव्हनं कुठलं? मी म्हनलो, श्रीगोंद्याकडचं. पानी पिलो आन् आलो.

गोजरबाई मग आली, तिनं माझं समदं नीट केलं. तिला हे ठावं हाय. मला रंगूचा राग न्हाई, तिच्या बापाचा न्हाई. त्या कावळ्याचा हाय.

व्याही, माझ्या पोराला असलं पानी प्यायची येळ येऊ नये, येवढंच माझं म्हननं. आमच्या टायमाला कैद्याचं नाव कळाय वरीस लागलं. सरकारी यादी म्हंजे काय देवाचं बोलनं न्हवं. मुक्तानं ठरवलंय ते मला मान्य हाय. कैदी सुटूंद्या. न्हाई आला तर मी सोता तुमच्या दारात येऊन सांगंन, की मुठे, पोरगी तुमची. तवर मला येवढी लढाई लढू द्या.

भाकरी बंद केल्यात, घरातच पुरंनात. कावळे अजून रोज येत्यात आन् माझ्याकडं बघत बसत्यात. त्यांना कसं समजवायचं ते कळंना.

कारभारी


श्रीरामपूर,
२८ एप्रिल १९७२

व्याही कारभारीरावांना सहादेवचा मनापासून रामराम.

आपले पत्र आले त्या आठवड्यात माझ्याकडून तीन बैलगाड्यांचे वजन चुकले. इतक्या वर्षांत असे झाले नव्हते. साहेबांनी विचारले, तब्येत बरी आहे का. मी म्हणालो, बरी आहे, व्याह्यांचे पत्र आले आहे.

मी काय लिहू? तुमच्या जागी मी असतो तर मीही भाकरी वाटल्या असत्या. तुमच्या पहिल्या सासऱ्यांच्या जागी मात्र आज मी आहे, आणि ते चुकले असे मला अजून म्हणवत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, तेव्हा भांडण कोणाशी करावे कळत नाही.

मुकादमांचे लग्न पुढल्या आठवड्यात आहे, दुसऱ्या मुलीशी. त्यांना थांबा म्हटले असते तरी ते थांबले नसते, ते काही फौजी नाहीत. मुक्ताला सांगा, कैदी सुटेपर्यंत अण्णा तोंड उघडणार नाहीत.

कारखान्याच्या माणसाबरोबर गुळाची ढेप पाठवत आहे. कावळ्यांकरिता असे समजावे. उरल्यास घरात वापरावी.

आपला,
सहादेव


बेलखडी
१९ डिसेंबर ७२

सहादेवराव, रामराम.

सोता दारात येऊन सांगंन म्हनलो हुतो. पाय उचलत न्हाई, म्हनून कागद.

आपले कैदी येक तारखेला वाघ्याच्या हद्दीवरनं आले. कानिफचं नाव न्हवतं. सरकारनं ते कळवलं हुतं आदीच, मी मानलं न्हवतं. म्हनलं, मानसं मोजताना चुकत्यात. मग शेवगावचा गोरक्ष आला. कानिफच्याच कंपनीतला, कैदेत हुता, सुटून आला. आपल्या घरी जायच्या आदी तो हितं आला. सुटलेला शिपाई आईला भेटायच्या आदी दुसऱ्याच्या दारात येतो तवा काय सांगाय येतो, ते मला कळतं. मी म्हनलो, आदी जेव. आमी दोघं जेवलो. लई सावकाश जेवलो.

मग त्यानं सांगितलं. तवीच्या पलीकडं, पैल्याच आठवड्यात. पोटात लागलं. दिवस मावळंपतूर हुता. गोरक्षनं इचारलं, काय पायजे, तर बिडी मागितली. मी म्हनलो, मग तो माझा पोरगा न्हवंच, कानिफ बिडी वढत न्हाई. मला येवढा आनंद झाला सहादेवराव, मी उठून उभा ऱ्हायलो. गोरक्ष म्हनला, तात्या, तिकडं थंडी लई, शेवटच्या महिन्यात लागली त्याला सवय. काडी मीच पेटवली. दुसऱ्या दिवशी आमाला पकडलं, आन् त्यांच्या सायबानं पुरू दिलं. माती मी लोटली.

मी खाली बसलो.

मुक्ता दाराआड हुती. भाईर आली, गोरक्षला ताक दिलं, भावा, जपून जा म्हनली. तो गेला आन् मग जी रडली, ती गोजरबाईच्यानं धरवंना. वरसाचं रडू हुतं. मी पन रडलो, लिवायला लाज न्हाई. मला वाटलं हुतं मी जिकतोय.

परवा दहावा घातला. तुमाला बोलावलं न्हाई, राग धरू नका, तुमच्याम्होरं मला उभं ऱ्हाता आलं नसतं. भाकरी वाटल्या न्हाईत. कावळा आला, मी हात उचलला न्हाई.

पोरगी तुमची. कवा न्यायची ते तिला इचारा. मला इचारू नका.

कारभारी


बेलखडी
११ मार्च ७३

सहादेवराव, रामराम.

तुमी येऊन गेला त्याला दोन महिने झाले. मुक्ता तवा म्हनली, अण्णा, मी लग्न करीन, पन दोन महिने मला कुनी काय इचारू नका. तुमी लगी मान हालवली आन् बाजूला जाऊन मला म्हनला, श्रीरामपुरात आता कुनी मनासारखं न्हाई, तुमी तुमच्या बाजूला बघा. तो हुकूम समजून मी कामाला लागलो.

फौजेत भरती कशी करत्यात ते मला ठावं हाय. त्याच रीतीनं घेतली.

पैला काष्टीचा. उंची बरी, छाती बरी. मी बोलत असताना सारखा आमच्या बैलाकडं बघत हुता. नापास. दुसरा बाभुर्डीचा, त्याची आई म्हनली, बाई फौजीची हाय तर सरकारकडनं काय मिळतं? मी म्हनलो, मिळतं की, परत जायची वाट. तिसरा चांगला हुता, पन त्याला डोळ्यानं लांबचं दिसंना. मी वेशीवरच्या लिंबावर किती कावळे हायेत ते मोजाय लावलं, तो म्हनला कसला लिंब?

चौथा पारनेरचा, राधाकृष्ण. एष्टीत कंडक्टर. बायको बाळंतपनात गेली, मूल न्हाई. मी त्याच्याच गाडीतनं दोनदा जाऊन आलो, न सांगता. येका म्हातारीकडं सुट्टं न्हवतं, तिला उतरवलं न्हाई. मग घरी बोलावलं. तुमची पोरगी काय ऐकती, ती सोता फुडं येऊन बसली आन् म्हनली, मला येकच इचारायचंय. कानिफनाथांचा फोटो मी घेऊन येनार. भिंतीवर ऱ्हाईल का? मला वाटलं, संपलं. तो गडी म्हनला, आमच्या हिचा हाय भिंतीवर, त्याच्या शेजारी खिळा मारू. मुक्तानं माझ्याकडं बघितलं. पास.

आता दोन गोष्टी. पयली, भावकी म्हनती, पाट हाय, राती अंधारात कुनाला न दिसता लावायचा आसतो. मी न्हाई ऐकनार. दिवसाउजेडी, वाजंत्री लावून, मांडव घालून. माझ्या टायमाला जे अंधारात झालं ते पुरं झालं.

दुसरी अशी. पारनेरला मी सोयरिकीला गेलो तवा तिथल्या मानसांनी इचारलं, तुमी पोरीचं कोन? मी म्हनायला पायजे हुतं, सासरा. माझ्या तोंडातनं बाप आलं. ते तसंच ऱ्हायलं. समदे मला पोरीचा बाप समजून बोलत्यात आन् मी दुरुस्त केलं न्हाई. तुमाला राग येनं बरोबर हाय. तुमी सांगा, मी पारनेरला जाऊन खरं सांगून येतो.

आनि हे लग्न झालं की आपन व्याही ऱ्हात न्हाई. व्याही आता पारनेरचं. मग मी तुमचा कोन आन् तुमी माझं कोन? फुडच्या कागदाला वर काय लिवायचं, ते मला सुचंना. तुमी लिवनं-वाचनं केलेलं मानूस हाय, तुमीच कळवा.

कारभारी


श्रीरामपूर,
१८ मार्च १९७३

बेलखडी मुक्कामी मुक्ताच्या वडिलांना, श्रीरामपूरहून मुक्ताच्या वडिलांचा रामराम.

वर काय लिहावे असे आपण विचारले होते. मी हे लिहिले आहे. दुसरे काही सुचल्यास कळवावे, परंतु मला सुचलेले नाही.

पारनेरला जाऊन काही सांगायची गरज नाही. तिकडच्या मंडळींनी मला विचारले तर मी सांगेन की थोरले वडील बेलखडीला असतात, सोयरिकीचे तेच पाहतात.

मुलगा मी पाहिलेला नाही. आपण पास केला आहे, म्हणजे पाहण्यासारखे काही शिल्लक नसेल. वाजंत्री चांगली लावा. भावकीतले कोणी बोलले तर त्यांना माझे नाव सांगा, मी त्यांना पुन्हा एकेक पत्र टाकतो.

मुक्ताच्या आईने हिरवा चुडा, लुगडे आणि शेवया काढून ठेवल्या आहेत. लग्न इथे करावे असा तिचा आग्रह होता. मी तिला समजावले. मुलीचे लग्न तिच्या माहेरून होते. म्हणून ते बेलखडीलाच होईल. आम्ही पाहुणे आदल्या दिवशी दुपारच्या गाडीने उतरू.

सहादेव